एनएमएस सर्व्हर गेला, बॅकअप आहेत पण नक्की कुठला लावू?

रिंग_नाशिक (मंगळवार, सकाळी ११.४०)

नमस्कार मंडळी, रात्रीपासून झोप नाही त्यामुळे लिहिताना गडबड होईल, सांभाळून घ्या. आमचा ट्रान्समिशनचा एनएमएस सर्व्हर (अख्ख्या नेटवर्कवर नजर ठेवणारा आणि त्याची सेटिंग करणारा) बसलाय. जुनं एसडीएच (फायबरवरचं जुन्या पद्धतीचं) नेटवर्क, साधारण ४०० एनई (साइटवरची नेटवर्कची उपकरणं), सगळं एका नेट्रा २४० वर चालतं, हो तोच सनचा −४८ व्होल्टवाला डबा. ऑपरेटिंग सिस्टम सोलारिस १०, डेटाबेस ओरॅकल १०.२.०.४. नवीन नेटवर्कला वेगळा एनएमएस आहे पण बँका, सरकारी ऑफिसं यांचे ई१ (लीज्ड लाइनी) अजून जुन्यावरच आहेत आणि ते हलवायचं काम चार वर्षं "पुढच्या क्वार्टरला" चाललंय.

झालं असं की काल रात्री १२.२० ला डीसी पॉवर प्लांटच्या कामासाठी सर्व्हर बंद केला (परवानगी घेऊन, नीट शटडाऊन करून) आणि चालू केला तर वर येईना. कन्सोल लावला तर सिंगल युझरमध्ये (फक्त दुरुस्तीपुरता चालू) येऊन थांबतोय. दोन डिस्क आहेत, मिरर (दोन्हीवर तोच डेटा) आहेत असं आम्हाला सांगितलं होतं.

माझ्याकडे काय काय आहे ते सांगतो. एक, रविवारचा एक्स्पोर्ट डंप, पण परवाचा रविवारचा अर्ध्यात थांबलाय (लॉगमध्ये ओरा-०१५५५ दिसतंय), म्हणजे चांगला आहे तो त्याच्या आधीच्या रविवारचा, आठ दिवस जुना. दोन, त्याच रविवारचा ॲप्लिकेशन आणि ओरॅकल होमचा (ओरॅकलचं सॉफ्टवेअर असलेला फोल्डर) टार, म्हणजे एकत्र बांधलेली फाइल. तीन, आर्काइव्ह लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद), हे वेगळ्या एनएफएसवर (नेटवर्कवरच्या दुसऱ्या डिस्कवर) जातात आणि सगळे दिसतायत, शेवटचा रात्री ११.४० चा. स्टोअरमध्ये एक स्पेअर नेट्रा २४० पण आहे, चालू आहे का देव जाणे.

प्रश्न असा की आठ दिवसांपूर्वीचा डंप इंपोर्ट करून त्याच्यावर हे आर्काइव्ह लॉग चढवले तर काल रात्रीपर्यंत येता येईल ना? गेल्या आठवड्यात ३०-३५ नवीन सर्किट काढलीयत, ती परत हाताने टाकायची म्हणजे मरण. व्हेंडरचा सपोर्ट या प्रॉडक्टला कधीच संपलाय, मेल केलाय पण उत्तर यायची आशा नाही.

---

सोलारिस_काका (दुपारी १२.०५)

बॅकअपला हात लावायच्या आधी थांब जरा. सिंगल युझरला येऊन थांबतोय म्हणजे सर्व्हर मेला असं नाही. दोन डिस्कवर सोलारिस व्हॉल्यूम मॅनेजर असेल तर स्टेट डेटाबेसच्या (कुठली डिस्क ठीक, कुठली नाही त्याची नोंद) रेप्लिका दोन्हीकडे सारख्या वाटलेल्या असतात, तीन इकडे तीन तिकडे. एक डिस्क गेली तर सहातल्या तीनच राहतात. चालू मशीन निम्म्यावर चालत राहतं, तक्रार करत नाही, पण रीबूट केलं की मल्टियुझरला यायला निम्म्यापेक्षा जास्त लागतात. म्हणजे तुमची एक डिस्क बहुतेक कधीच गेलेली होती आणि काल बंद-चालू केल्यावर ते उघडं पडलं. मी हे इतक्या साइटवर पाहिलंय की आता हसू पण येत नाही.

रूटचा पासवर्ड टाकून आत जा, मेटाडीबी आणि मेटास्टॅट मारून बघ. मेलेल्या डिस्कच्या रेप्लिका मेटाडीबी -डी ने काढून टाक आणि परत बूट कर. (कमांड मराठीत टाइप करतोय, हसू नका, मोबाइलवर दुसरा कीबोर्ड सापडत नाहीये.)

आणि लिहून ठेव: काहीही डिलीट करायच्या आधी ही जी दुसरी डिस्क अजून श्वास घेतेय तिच्यावरून जेवढं काढता येईल तेवढं काढून घे.

---

रिंग_नाशिक (दुपारी २.३०)

काका बरोबर निघालं. एका डिस्कला "नीड्स मेंटेनन्स" आणि तारीख बघून घाम फुटला, मार्च महिन्यातली आहे. रेप्लिका काढल्या, बूट झाला, मी खुशीत चहा सांगितला, आणि ओरॅकल वर येताना ओरा-०१५७८, म्हणजे ब्लॉक खराब. मग अजून दोन फाइलींवर ओरा-०१११५, म्हणजे डिस्कवरून वाचताच येईना. मेसेजेसमध्ये एससीएसआय एररचा पाऊस. म्हणजे दुसरी डिस्क पण गेल्यात जमा. आता काय वाचवू?

---

आर्काइव्ह_लॉग (दुपारी २.५५)

ओरॅकल लगेच खाली घे, आणि परत चालू करायचा प्रयत्न अजिबात करू नको. रिडो लॉगच्या (ताज्या बदलांच्या) फाइली, कंट्रोल फाइल, एसपीफाइल, पासवर्ड फाइल, लिसनर आणि टीएनएसच्या फाइली, अख्खं ईटीसी, आणि एनएमएसची लायसन्स फाइल जिथे असेल ती, आत्ता एनएफएसवर कॉपी कर. साधी कॉपी अडकली तर डीडी लाव, नोएरर आणि सिंक देऊन, म्हणजे वाचता न येणारा भाग सोडून ती पुढे जाते.

दुसरं, त्याहून घाईचं. तुमच्या एनएफएसवर जुने आर्काइव्ह लॉग उडवणारी क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट असणारच. ती आत्ता बंद कर. वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

आता तुझा मूळ प्रश्न. नाही, चालणार नाही. एक्स्पोर्ट डंप म्हणजे टेबलांतल्या डेटाची नक्कल, तो इंपोर्ट केलास की तयार होतो तो वेगळाच डेटाबेस. आर्काइव्ह लॉगमध्ये लिहिलेलं असतं "अमुक फाइलीच्या अमुक ब्लॉकमध्ये हा बदल", आणि तुझ्या इंपोर्ट केलेल्या डेटाबेसमध्ये ते ब्लॉकच त्या जागी नाहीत. दुसऱ्याच्या घराच्या नकाशावर आपल्या घराचे नळ जोडण्यासारखं आहे ते. डंप म्हणजे त्या रविवारची रात्र, त्याच्या पुढे एक मिनिट नाही.

आर्काइव्ह लॉग चढतात ते फिजिकल बॅकअपवर. म्हणजे डेटाबेसच्या फाइलींच्या नकलेवर, आरमॅनच्या (ओरॅकलचं बॅकअपचं टूल) किंवा हॉट बॅकअपच्या. तुमचा डेटाबेस आर्काइव्हलॉग मोडमध्ये ठेवला म्हणजे ज्याने सेटअप केला त्याच्या डोक्यात आरमॅन नक्की होता. त्याच एनएफएसवर शोध, मोठमोठ्या फाइली, आणि एक अशी छोटी जिचं नाव सी, मग डॅश, मग लांबलचक आकडा, मग तारीख असं आहे. ती मिळाली की परत ये.

---

क्लाऊड_भाऊ (दुपारी ३.१०)

२०२० नंतर पण लोक स्पार्कवर (सनचा जुना प्रोसेसर) एनएमएस चालवतात?? व्हीएमवर टाका, रोज स्नॅपशॉट घ्या, विषय संपला.

---

सोलारिस_काका (दुपारी ३.१८)

भाऊ, तो सॉफ्टवेअर स्पार्कच्या बायनरीत येतो, व्हेंडरने दुसरं बनवलंच नाही. घर पेटलंय आणि तुम्ही प्लॉट कुठे घ्यावा ते सांगताय.

---

रिंग_नाशिक (दुपारी ४.२०)

मॅडम, सापडलं!! एका फोल्डरचं नाव चक्क "डिलीट_करू_नये_२". त्यात आरमॅनचे पीस आहेत आणि तुम्ही म्हणालात तशी सी-वाली फाइल. पण तारीख बघून नाराज झालो, २३ दिवस जुना आहे. स्क्रिप्ट महिन्याला एकदाच चालते वाटतं. क्रॉन बंद केला, तो ३० दिवसांपेक्षा जुने आर्काइव्ह उडवत होता, म्हणजे अजून आठवड्याने पूल तुटला असता.

कॉपीचं सांगायचं तर ईटीसी, लायसन्स, एसपीफाइल आली. तीनपैकी दोन रिडो आले पण जो करंट होता त्याच्यात रीड एरर आहेत.

आता आठ दिवसांचा डंप चांगला की २३ दिवसांचा आरमॅन? साहेब म्हणतायत जो नवीन तो लाव आणि विषय संपव.

---

आर्काइव्ह_लॉग (दुपारी ४.४५)

मॅडम नको, ताई चालेल.

साहेबांना सांग की इथे जो जुना तोच नवीन आहे. २३ दिवसांचा आरमॅन बॅकअप अधिक २३ दिवसांचे न तुटलेले आर्काइव्ह लॉग म्हणजे काल रात्री ११.४०. तुमचं नुकसान ४० मिनिटांचं, ते पण मध्यरात्रीचं. डंप लावलास तर नुकसान आठ दिवसांचं. अट एकच, सिक्वेन्स नंबरमध्ये मध्येच एकही लॉग गायब नको. एक गेला की त्याच्या पुढचे सगळे रद्दी. आधी लिस्ट काढून नंबर मोज, नुसत्या तारखा बघू नको. डंप पण ठेव हाताशी, कुठे एखादा लॉग खराब निघाला तर तेवढाच आधार.

क्रम सांगते. स्पेअर मशीनवर ओरॅकल बरोबर १०.२.०.४ च पाहिजे. स्टोअरमधल्या मशीनवर बहुतेक नुसतं १०.२.०.१ असेल, त्याच्यावर उघडायला गेलास तर नवीन भांडण. टारमधलं ओरॅकल होम उतरव आणि रीलिंक कर. ओरॅकल युझरचा आयडी, डीबीए ग्रुप जुन्यासारखाच ठेव. शेअर्ड मेमरीची मर्यादा सोलारिस १० मध्ये प्रोजेक्टमध्ये द्यायची असते, जुन्या सवयीने ईटीसी सिस्टममध्ये शोधत बसू नको.

मग आरमॅनमध्ये डीबीआयडी (डेटाबेसचा ओळख नंबर) सेट कर. तो कुठून आणायचा असं विचारशील, तर त्या सी-वाल्या फाइलीच्या नावातला पहिला लांब आकडा म्हणजेच डीबीआयडी. नोमाउंट, कंट्रोल फाइल रिस्टोअर, माउंट. ती कंट्रोल फाइल २३ दिवस जुनी, तिला नंतरचे आर्काइव्ह माहितीच नाहीत, म्हणून "कॅटलॉग स्टार्ट विथ" देऊन अख्खा फोल्डर तिला दाखव. त्यानंतर खरं रिस्टोअर मारायच्या आधी रिस्टोअर डेटाबेस व्हॅलिडेट चालव. तासभर जाईल पण पीस वाचता येतायत की नाही ते आधीच कळेल. मग रिस्टोअर, मग रिकव्हर अनटिल सिक्वेन्स, शेवटच्या लॉगच्या पुढचा नंबर देऊन. अनटिल द्यायला विसरलास तर शेवटी आरमॅन-०६०५४ येईल, घाबरू नको, जो लॉग जगात नाहीच तो मागत असतो. मग ओपन रीसेटलॉग्ज. तेव्हा ओरा-०११९४ आला तर समज अजून लॉग चढवायचे राहिलेत. उघडला की दुसरं काही करायच्या आधी नवा फुल बॅकअप.

---

सोलारिस_काका (संध्याकाळी ५.०५)

ताईने डेटाबेसचं सांगितलं, मी डब्याचं सांगतो. एनएमएसचं लायसन्स होस्टआयडीला (मशीनच्या ओळख नंबरला) बांधलेलं असणार. स्पेअरचा होस्टआयडी वेगळा, म्हणजे डेटाबेस उघडेल पण ॲप्लिकेशन म्हणेल तू कोण. व्हेंडर तर उत्तर देत नाही. पण नेट्रा २४० मध्ये पुढचं झाकण उघडलं की एक छोटं कार्ड असतं, सिस्टम कॉन्फिगरेशन कार्ड, एससीसी. होस्टआयडी आणि मॅक ॲड्रेस त्यात असतात. दोन्ही मशीन पूर्ण बंद करून जुन्याचं कार्ड स्पेअरमध्ये टाक, स्पेअर स्वतःला जुनाच समजायला लागेल. स्पेअरचं कार्ड पाकिटात घालून नाव लिहून ठेव, त्याशिवाय ते मशीन बूटच होत नाही.

होस्टनेम, आयपी सगळं जुनंच ठेव. ४०० एनईमधे एनएमएसचा जुना आयपी घातलेला असतो, तो बदलत बसलास तर दिवाळी येईल.

---

ई१_त्रेसष्ट (संध्याकाळी ६.४०)

डेटाबेस उठला की लोकांना वाटतं काम झालं. माझं आयडी बघा आणि मग ऐका.

काही वर्षांपूर्वी, कंपनीचं नाव नको, आमचा पण एनएमएस असाच बॅकअपवरून उठवला, १२ दिवस जुना. सगळं हिरवं-लाल दिसायला लागलं, टाळ्या झाल्या. एका रिंगवर एनएमएस म्हणे एनईशी डेटा जुळत नाही. जुळणारच नाही, बारा दिवसांत तिथे काम झालं होतं. आमच्या एका पोराने मेनू उघडला, त्यात अपलोड आणि डाउनलोड असे दोन पर्याय. त्याला वाटलं डाउनलोड म्हणजे एनईकडून आपल्याकडे, मोबाइलवर गाणं डाउनलोड करतो तसं. तिथे उलटं असतं. डाउनलोड म्हणजे एनएमएसकडून एनईवर. बारा दिवस जुनं कॉन्फिगरेशन चालू रिंगच्या नोडवर जाऊन बसलं आणि एका एसटीएम-१ लाइनीचे ६३ च्या ६३ ई१ खाली. सर्व्हर बंद होता तोपर्यंत एकही गिऱ्हाईक ओरडलं नव्हतं, सर्व्हर चालू केल्यावर ओरडले.

ही गोष्ट साहेबलोकांना समजावून सांगायला लागते. एनएमएस बंद असला तरी ट्रॅफिक चालू असतो, क्रॉस कनेक्ट (कुठला पोर्ट कुठल्याला जोडलाय ते) एनईच्या स्वतःच्या मेमरीत असतात, फायबर तुटला तर रिंग ५० मिलिसेकंदात स्वतः दुसऱ्या बाजूने फिरते, तिला एनएमएस लागत नाही. म्हणून उगाच घाई करू नका. धोका कधी, तर जुन्या आठवणी घेऊन उठलेला एनएमएस नेटवर्कला आपल्या आठवणीप्रमाणे वागायला लावतो तेव्हा. त्याला आधी फक्त ऐकू द्यायचं, बोलू द्यायचं नाही.

तुमचं तर ४० मिनिटांचंच अंतर आहे, तरी मी असं करेन: सगळ्या ऑपरेटरांचे राइट्स काढून फक्त बघायचे ठेवा. गेटवे एनई (ज्यांच्यातून एनएमएस बाकीच्यांशी बोलतो ते) एकेक करून जोडा, सगळे एकदम जोडले तर अलार्मच्या पुरात सर्व्हर परत बसेल. प्रत्येक एनईचा अपलोड घ्या, तुमच्या व्हेंडरच्या भाषेत त्याला सिंक, रिकन्साइल काहीही म्हणत असतील, बाण कुठून कुठे जातोय ते मॅन्युअल उघडून वाचा, अंदाजाने नको. सगळं जुळलं की मगच प्रोव्हिजनिंग उघडा.

आणि हो, कोणी म्हणेल सगळं एनईमधून अपलोड होतंच तर डेटाबेस लागतो कशाला, नवा कोरा एनएमएस टाका. एनई तुम्हाला सांगेल की या पोर्टचा हा टाइमस्लॉट त्या पोर्टला जोडलाय. ते सर्किट कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेचं, ते त्याला माहीत नाही. ती नावं, ट्रेल (सर्किटचा अख्खा मार्ग), जुना पीएम (परफॉर्मन्सचा) डेटा, सगळं फक्त एनएमएसच्या पोटात असतं.

---

रिंग_नाशिक (रात्री ८.१५)

हे वाचून मी आमच्या शिफ्टच्या दोन्ही पोरांना फोन करून सांगितलं की डाउनलोडच्या बटणाला हात लावाल तर बघा. बाप रे.

एक विसरलो सांगायला. गेल्या गुरुवारी एनएमएसला एक पॅच मारला होता, त्याने डेटाबेसमध्ये पण काहीतरी टेबलं बदलली. काही लोचा?

तोपर्यंत नेटवर्क आंधळंच आहे. सिन्नर आणि संगमनेरला एकेक माणूस एलसीटीचा (एनईला थेट जोडायचा) लॅपटॉप घेऊन बसवलाय, रस्त्याचं काम चालूय आणि जेसीबीवाले काय आपल्याला विचारून खोदत नाहीत. रिंग एकदा फिरलेली असेल तर दुसऱ्या कटला सगळं जाणार आणि पहिला कट झालाय हे कळायला दुसरा मार्ग नाही.

---

आर्काइव्ह_लॉग (रात्री ८.४०)

आहे लोचा, बरं झालं आठवलं. टेबलं बदलली ते बदल पण आर्काइव्ह लॉगमध्ये आहेत, म्हणजे रिकव्हर झालेला डेटाबेस पॅचनंतरचा असेल. पण तुझा ॲप्लिकेशनचा टार आठ दिवसांचा, पॅचच्या आधीचा. जुनं ॲप्लिकेशन नव्या टेबलांवर चालू केलंस तर नशीब चांगलं असेल तर चालू होणार नाही, नशीब वाईट असेल तर चालू होईल. पॅचमधल्या प्रोग्रामच्या फाइली आधी टाक, डेटाबेसची स्क्रिप्ट मात्र परत चालवू नको. पॅचच्या इंस्टॉलरमध्ये दोन्ही एकत्र असेल तर आतल्या शेल स्क्रिप्ट उघडून वाच.

---

झॅबिक्सवाला_कोल्हापूर (रात्री ९.३०)

लई भारी धागा चाललाय. आमचं आपलं छोटं आयएसपी, ओरॅकल-बिरॅकल नाही, झॅबिक्स आणि लिबरेएनएमएस, ही मोफतची मॉनिटरिंगची सॉफ्टवेअरं. पण पॅचचं वाचून आठवलं म्हणून लिहितो, झॅबिक्सचा नवा सर्व्हर जुन्या डेटाबेसवर चालू केला की तो न विचारता डेटाबेस अपग्रेड करून टाकतो भावा, मग जुनी आवृत्ती परत त्याच्यावर चालत नाही. म्हणून डंपच्या नावात आवृत्ती लिहायची. हिस्टरी आणि ट्रेंड्सची टेबलं सोडून बाकीचा डंप आम्ही रोज घेतो, तो एवढुसा असतोय. लिबरेएनएमएसचं उलटं, मायएसक्यूएलचा डंप घेतला म्हणून खूश झालो आणि रिस्टोअर केल्यावर एक पण ग्राफ नाही, कारण ग्राफ आरआरडी फाइलीत असतेत, त्या कुणी घेतल्याच नव्हत्या. आणि त्या फाइली वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर तशाच उचलून चालत नाहीत, आरआरडीटूलने डंप करून परत बनवायला लागतात.

बॅकअप न तपासणारे आपणच नाही हो. गिटलॅबचं (कोड ठेवायची वेबसाइट) ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण आठवतंय का? चुकून चालू डेटाबेसचीच डिरेक्टरी उडवली, सुमारे ३०० जीबी, आणि बॅकअप बघायला गेले तर पीजीडंप (बॅकअप घेणारं टूल) ९.२ चा आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणजे बॅकअप रोज फेल होत होता. फेल झाल्याचे मेल पण पोचत नव्हते. शेवटी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर निभावलं. त्यांनी ते सगळं जाहीर लिहिलं, आपल्याकडं असतं तर "तांत्रिक कारणास्तव" म्हणून मोकळे.

---

रिंग_नाशिक (गुरुवार, दुपारी १.१०)

उशिरा अपडेट देतोय, काल दिवसभर झोपलो.

एससीसी कार्ड बदललं, काका तुमच्या पाया पडतो, लायसन्सने एक शब्द काढला नाही. ओरॅकल होम टारमधून उतरवलं. व्हॅलिडेटमध्ये एका पीसवर अडकलं, धाबं दणाणलं, पण ती एनएफएसची परमिशन निघाली. लॉग नंबर दोघांनी मिळून मोजले, एकही गायब नाही. रिकव्हरीला पाच तास लागले, तो जुना प्रोसेसर एकेक लॉग असा चघळत होता की बघवत नव्हतं. अनटिल द्यायला विसरलोच, आरमॅन-०६०५४ आला, ताई तुम्ही आधी लिहून ठेवलं नसतं तर मी तिथेच रडलो असतो. रीसेटलॉग्जने उघडला, फुल बॅकअप घेतला. पॅचचा इंस्टॉलर उघडून बघितला, आत डेटाबेसची स्क्रिप्ट वेगळी होती, ती सोडून बाकी टाकलं.

मग गेटवे एकेक. पहिल्या तीनला दीड तास, नंतर हात बसला. अपलोडमध्ये फक्त दोन एनई न जुळणारे निघाले, दोन्ही मंगळवारचेच: सर्व्हर बंद असताना फील्डच्या माणसाने एलसीटीवरून क्रॉस कनेक्ट केले होते आणि कोणाला सांगितलं नव्हतं. डाउनलोड मारला असता तर ते गेले असते. गेल्या आठवड्याची सगळी सर्किट नावांसकट परत आली. संगमनेरच्या बाजूला रिंग मंगळवारी संध्याकाळपासून फिरलेली होती, ते काल पहाटे कळलं, स्प्लायसिंगला टीम गेली.

---

सोलारिस_काका (दुपारी १.३५)

छान. आता एक सांग, मार्चमध्ये डिस्क गेली तेव्हा मेटास्टॅट बघून मेल टाकणारी स्क्रिप्ट तुमच्याकडे नव्हती का?

---

रिंग_नाशिक (दुपारी १.५०)

होती ना. आत्ताच बघितली. मार्चपासून रोज सकाळी सहा वाजता न चुकता मेल टाकतेय. ज्या साहेबांना टाकतेय ते गेल्या वर्षी मस्कतला गेले.